आधीच धुतलेले पाय

मी निघाले त्या दिवशी अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत इतकी माणसं बसली होती की माझी बॅग बाहेर ओट्यावर ठेवावी लागली. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी दूरदेशी निघालं की घरी प्रार्थना होते. पाळकसाहेब लोखंडी खुर्चीवर, महिला मंडळाच्या बायका सतरंजीवर, तरुण संघाची मुलं दारात, चपलांच्या ढिगाऱ्यापलीकडे. मी मम्मीला टेकून, मान खाली घालून बसले होते. गीत झालं, प्रार्थना झाली आणि मग एकेक जण माझ्याबद्दल दोन शब्द बोलायला लागला. तेव्हा मला सतरंजीच्या पट्ट्यांशिवाय बघायला काही उरलं नाही.

"किती नम्र पोरगी," साळवे मावशी म्हणाल्या. "लहानपणापासून हिचा आवाज ऐकला नाही कुणी. इंग्लिश मीडियमची असून जरासुद्धा गर्व नाही."

"आवाजच नाही तर तिकडे पेशंटशी काय खुणेने बोलणार?" दारातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

पाळकसाहेबांनी हात वर केला. "नम्र माणसाला प्रभू वर उचलतो," ते म्हणाले. "आज तर विमानही उचलणार आहे. आता चहा घ्या आणि पोरीला निघू द्या."

पप्पा भिंतीला टेकून उभे होते. बसायला जागा नव्हती, आणि असती तरी त्यांनी ती दुसऱ्याला दिली असती. रिक्षा आली तेव्हा तरुण संघाची मुलं बॅग उचलायला धावली. पप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच उचलली, गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. थोडे लंगडत होते. मम्मीने विचारलं तर म्हणाले, "चप्पल चावली." मग रिक्षात बॅग ठेवून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच बोलले जे मी आयुष्यभर ऐकत आले होते. "नम्र राहा, बाळा. आपल्यासाठी कुणाला वाकायला लागू नये."

मी हे तुमच्यासाठी लिहिते आहे, जे अंबरनाथला राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे कुठेकुठे जाऊन पडलेत त्यांच्यासाठी. विषय नम्रतेचा आहे, पण मला तो पप्पांच्या उजव्या पायाबद्दल बोलल्याशिवाय मांडता येत नाही. तो पाय आज धड आहे. तो धड राहील की नाही असे काही दिवस आमच्या घरात गेले, आणि त्याला जितका त्यांचा मधुमेह कारण होता तितकंच ते वाक्यही होतं. पप्पांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही. फक्त फोटो टाकू नकोस."

पप्पा एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होते. त्यांच्या पायांच्या भेगांत मशीनचं तेल बसलेलं असायचं, साबणाने न जाणारं. एरवी त्याची कुणाला पर्वा नव्हती. पण उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी, आमच्याकडे पाय धुण्याची उपासना असते. मंडळीतले बारा जण निवडतात. ते पुढे एका ओळीत बसतात, पाळकसाहेब झगा काढून कमरेला टॉवेल बांधतात, गुडघ्यावर बसून एकेकाचे पाय पितळी घमेल्यात धुतात आणि पुसतात. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. ज्या वर्षी त्या बारांत पप्पांचं नाव असे, त्या वर्षी ते पहिल्या पाळीवरून आले की जेवायच्या आधी मोरीत बसायचे. हातात वज्री, टाचा घासायची, काळी, खरखरीत. बाजूला रॉकेलचा बोळा, मग कपड्यांचा साबण, मग पुन्हा वज्री. खर्र खर्र आवाज बाहेरपर्यंत यायचा. मम्मी म्हणायची, "कातडं ठेवा थोडं." पप्पा म्हणायचे, "पाळकसाहेबांच्या हाताला काळं लागायला नको."

आणि हे एकटे पप्पा करत नव्हते. बाराच्या बारा जण करायचे. साळवे काका तर टाल्कम पावडर लावून यायचे. त्यांच्या पायांवरून पाणी ओघळलं की पांढरे थेंब पडायचे आणि आम्ही संडे स्कूलची मुलं एकमेकांना कोपराने ढोसायचो. मी पहिल्या रांगेतून बघत असायचे. न बोलणाऱ्या मुलीला बघण्याशिवाय काम काय? बारा माणसांचे चोवीस पाय धुऊन व्हायचे आणि घमेल्यातलं पाणी नितळच राहायचं. नंतर ते आवारातल्या सदाफुलीला घालायचे. मला ते फार छान वाटायचं. आमची माणसं किती विचारी आहेत, असं वाटायचं.

जर्मन मी उल्हासनगरला शिकले, कॅम्प एकमध्ये, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावरच्या क्लासमध्ये. खाली गठ्ठे उतरवणाऱ्या हमालांचा आरडाओरडा, वर आम्ही थंडीवाऱ्याच्या देशातली क्रियापदं पाठ करत बसलेलो. जायच्या आधी जाड जॅकेट घ्यायला मी त्याच रस्त्यावरच्या एका सिंधी आंटींच्या दुकानात गेले. त्यांनी भाव सांगितला, मी मान हलवली आणि पर्स उघडली. आंटींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या दुकानाचा अपमान केलाय. "अरे बेटी, मुँह तो खोल! कुछ कम करो आंटी, इतना तो बोल. ऐसे कैसे परदेस में रहेगी?" मग स्वतःच स्वतःशी घासाघीस करून त्यांनी भाव उतरवला. मी "थँक यू" म्हटलं, तेही हळूच.

त्यांना जे दहा मिनिटांत दिसलं ते मंडळीला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, आणि मलाही नाही.

जर्मनीत माझी आउसबिल्डुंग सुरू झाली, म्हणजे शिकता शिकता काम, एका छोट्या गावातल्या वृद्धांच्या निवासात. आठवड्यातले काही दिवस शाळा, बाकीचे दिवस वॉर्ड. रोज पाळी बदलताना युबरगाबे असते. सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि आधीच्या पाळीतली बाई भरभर सांगत जाते, कोण जेवलं नाही, कोण पडलं, कुणाची गोळी बदलली. मी टोकाच्या खुर्चीवर बसायचे आणि मान हलवायचे. निम्मं कळायचं. उरलेलं मी नंतर फाइलमध्ये शोधायचे, मोबाइलवर अर्थ बघायचे, दुसऱ्यांच्या मागे राहून ते काय करतात ते बघून करायचे. चुकत नव्हते. पण विचारतही नव्हते. माझं इंग्लिश सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, आणि तिथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी मी, इथे चार वर्षांच्या मुलासारखी बोलत होते.

सुरुवातीचे काही महिने परीक्षेचे असतात. त्यात पटलं नाही तर ते घरी पाठवू शकतात. त्या काळातच वॉर्डच्या प्रमुख, फ्राउ लांगे, यांनी मला बोलावलं. दार लावलं, समोर बसल्या, आणि माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलल्या. "तू प्रत्येक गोष्टीला हो म्हणतेस. तुला काय येतं ते मला दिसतं. तुला काय येत नाही ते तू झाकून ठेवतेस, आणि मला तेच माहीत असायला हवं. इथली माणसं तुझ्या हातात आहेत. असंच चालू राहिलं तर मी तुला ठेवू शकणार नाही."

मी खोलीवर आले ते चिडून. आमच्याकडे याला नम्रता म्हणतात, असं मला त्यांना सांगायचं होतं. पुढे पुढे न करणं, शब्द न वाढवणं, कुणाला त्रास न देणं. पण जर्मनमध्ये ते वाक्य जुळवायला बसले आणि जुळेना. मी गप्प का बसते? समोरची माणसं मोठी आहेत असं मानते म्हणून? खरं तर तसं काही नव्हतं. मी लहान दिसू नये म्हणून गप्प बसत होते. सगळ्यांसमोर "मला हे येत नाही" असं म्हणायला लागू नये, एवढंच. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. खाली मान, बंद तोंड.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर उभी असताना मी प्रार्थना केली, प्रभू, विचारताना मला लाज वाटू देऊ नकोस. युबरगाबे सुरू झाली. तिसऱ्या नावापाशी मी हात वर केला. हात! शाळेसारखा. "मला हे समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. डोरोटा नावाची एक पोलिश बाई आहे, मोठ्या आवाजाची, तिने पेन खाली ठेवलं. "अरे, हिला आवाज आहे!" ती म्हणाली. "मला वाटलं, मुकीच पाठवलीय." सगळे हसले, आणि मग मला पुन्हा सांगितलं गेलं. एवढंच झालं. छत कोसळलं नाही.

पण लाज गेली नाही हे सांगायला हवं. ती दुसऱ्या दिवशीही वाटली, महिन्यानंतरही. प्रार्थना ऐकली गेली नाही असं मी धरून चालले, आणि मग ती बदलली. लाज वाटली तरी विचारू दे. ही ऐकली गेली. मी ठरवलं की रोज निदान एकदा तरी सगळ्यांसमोर न येणारी गोष्ट न येणारी म्हणून सांगायची. जसं काही जण रोज पहाटे उठून शास्त्र वाचतात, तसं. एकदा विचारून मी नम्र झाले असं नव्हतंच. रोज नव्याने वाकावं लागायचं आणि रोज पाठ दुखायची.

आमच्या वॉर्डात फ्राउ विंटर नावाच्या आजी होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना खाली वाकता येत नव्हतं, पण पायाला कुणी हात लावलेला खपायचा नाही. "मी करीन," असं म्हणायच्या, आणि करता तर येत नव्हतं. त्यांचा तो सूर मला ओळखीचा होता. बुवापाड्याच्या गल्लीत बॅग उचलताना ऐकलेला. एके सकाळी मी पाण्याचं भांडं घेऊन गेले, पण पायाचा विषयच काढला नाही. म्हटलं, "माझं बोलणं फार चुकतं. मी काम करताना बोलते, तुम्ही चुका काढाल?" त्यांनी चष्मा लावला. मी बोलायला लागले, त्या दर वाक्याला थांबवायला लागल्या, आणि केव्हातरी बोलता बोलताच त्यांनी पाय पुढे केला आणि मला मोजा काढू दिला. त्या दिवशी पाणी लवकर गार झालं, इतक्या माझ्या चुका निघाल्या. बाहेर आले तर डोरोटा म्हणाली, "काय जादू केलीस?" मी म्हटलं, आधी मी त्यांच्याकडे काहीतरी मागितलं.

फ्राउ लांगेनी मला ठेवून घेतलं. पत्रकावर सही करताना म्हणाल्या, "आता मला झोप लागते."

तिथेच मी मधुमेहींचे पाय बघायला शिकले. रोज बघायचे, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. कारण पायातली जाणीव कमी झालेली असते, जखम झाली तरी माणसाला कळत नाही. अनवाणी फिरायचं नाही. आणि खरखरीत काहीही लावून घासायचं नाही. हे शिकले त्याच संध्याकाळी मी पप्पांना फोन केला आणि वज्री टाकून द्यायला सांगितलं. पप्पा म्हणाले, "हो, हो." तो हो कसा होता ते मला लगेच कळायला हवं होतं. मी स्वतः युबरगाबेत कितीदा तसाच म्हटला होता.

दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या आधी मला सुट्टी मिळाली आणि मी घरी आले. म्हणजे बदलापूरला. बुवापाड्याच्या खोल्या सोडून मम्मी-पप्पांनी पश्चिमेला हेंद्रेपाड्यात वन-बीएचके घेतला होता. मी निघाले एका घरातून आणि परतले दुसऱ्याच घरी. इथे खिडकीतून डोंगर दिसतो, लिफ्ट आहे, समोरच्या दारावर तोरण आणि आमच्या दारावर क्रूस. शेजारचे सगळे सकाळी ऑफिसला जातात, संध्याकाळी हसून दार लावतात. "चांगली माणसं आहेत," मम्मी म्हणाली, "पण इथे कुणी मीठ मागायला येत नाही गं." मंडळी मागे अंबरनाथला राहिली होती. पप्पा निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरातसुद्धा मोजे घालून असायचे. फरशी गार लागते, म्हणायचे. एप्रिलमध्ये.

त्या आठवड्यात रविवारी उपासनेत बारांची नावं वाचली, त्यात पप्पांचं होतं. आणि सोमवारी दुपारी बाथरूमच्या बंद दाराआडून मला तो आवाज आला. खर्र खर्र.

मी दार वाजवलं. "पप्पा?" "आलो, आलो." मी दार ढकललं. ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते, लुंगी गुडघ्यावर, हातात तीच वज्री. पायाखालचं पाणी गुलाबी होतं. त्यांनी ते बघितलंच नव्हतं. दुखत नव्हतं ना.

"पाय दाखवा."

"काही नाही गं, भेग आहे."

"पप्पा, पाय दाखवा."

"पोरीच्या हातात पाय देऊ का आता? जा, मम्मीला चहा ठेवायला सांग."

मी ओल्या फरशीवर गुडघे टेकले. त्यांनी पाय मागे ओढला. "ऊठ. आपल्यासाठी कुणी वाकायचं नाही, सांगितलंय ना?" ते खरंच रागावले होते. मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता आणि तेव्हाही चढवला नाही. युबरगाबेतल्या आवाजात बोलले. "माझं वाकून झालंय. आता तुम्ही पाय द्या, नाहीतर मी इथेच बसते. मम्मी येईल, मग शेजारचे येतील. तुम्ही ठरवा."

त्यांनी वज्री खाली ठेवली. मग त्यांनी पाय पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

अंगठ्याखाली जखम होती. आजची नव्हती. आज फक्त तिची कड सोलली होती. कितीतरी आठवडे ते तिथे कापूस लावून वर मोजा चढवत होते. मम्मीला माहीत नव्हतं. मंडळीत विचारलं तर पाय मुरगळलाय म्हणून सांगत होते. मम्मी घरी शिवणकाम करते, ते सोडून तिची धावपळ नको, माझी परदेशात काळजी नको, पाळकसाहेबांना बदलापूरपर्यंत हेलपाटा नको. सगळ्यांचा विचार केला होता त्यांनी, फक्त पायाचा सोडून.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी दिवा जवळ ओढून बघितलं आणि विचारलं, "हे इतके दिवस कुणाला दाखवलं नाहीत?" मम्मीच बोलली. "पोरगी जर्मनीहून येते तेव्हा कळतं. मी काय त्या घरात भाडेकरू आहे?" डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली आणि बाहेर येऊन मला स्पष्ट सांगितलं. हाडापर्यंत गेलं नसेल तर बोट वाचेल. गेलं असेल तर बोट काढावं लागेल, आणि पुढचं आत्ता सांगता येणार नाही. पट्टी ओली करायची नाही. काही दिवस वाट बघायची.

रिक्षात पप्पा हळूच म्हणाले, "गुरुवारचं पाळकसाहेबांना कळव. मला ताप आहे म्हण."

"नाही," मी म्हटलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला वाटतं, त्या घरात माझा तो पहिला नाही होता.

मी एकटी अंबरनाथला गेले, पाळकसाहेबांच्या घरी. आमच्या घरातली गोष्ट बाहेर सांगायची, ही माझ्यासाठी त्या बाथरूमपेक्षा अवघड होती. आम्ही झाकून ठेवणारी माणसं. पण मी सगळं सांगितलं, वज्रीपासून मोज्यापर्यंत. जखम भरली नाही तर बोट जाईल, हेही. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. त्यांच्या बाई चहा ठेवून गेल्या.

मग म्हणाले, "सुवार्ता बाळा, मी इतकी वर्षं पाय धुतोय. खरं सांगू? मला एकदाही मळ लागला नाही. मला वाटायचं, मी काहीतरी करतोय. तुम्ही सगळे घरून करूनच येत होतात." त्यांनी कप उचलला. "पप्पांना म्हणावं, या वर्षी तरी मला काम द्या."

हा निरोप मी जसाच्या तसा दिला. पप्पा खिडकीतून डोंगराकडे बघत राहिले. गुरुवारी दुपारी बाथरूमकडे गेले, तेव्हा मी आणि मम्मी दोघी उठून उभ्या राहिलो. ते तोंडावर पाणी मारून बाहेर आले. "काय पोलीस लागलेत माझ्यामागे," म्हणाले, आणि शर्ट घालायला गेले.

उपासनेला सगळे चपला बाहेर काढतात. पप्पांना अनवाणी चालायची बंदी होती, म्हणून ते मऊ सँडल घालूनच आत आले, उजव्या पायावर पांढरी पट्टी, मोजे नाहीत. सगळ्यांनी बघितलं. पाय मुरगळला नव्हता हे सगळ्यांना कळलं. ते आपल्या खुर्चीवर बसले आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. प्रभू शिष्यांचे पाय धूत होता त्या रात्री एका शिष्याने त्याला नको म्हटलं होतं, माझे पाय नको. हा भाग वाचला जात होता. तो ऐकताना पप्पांना दर वर्षी काय वाटत असेल ते मला आज कळलं. त्यांना वाटत असेल, बरोबरच बोलला तो.

पाळकसाहेब एकेकापुढून सरकत आले. पप्पांचा डावा पाय त्यांनी घमेल्यात घेतला. न घासलेला, भेगांचा, कंपनीचं तेल अजून आत धरून ठेवलेला. त्यांनी अंगठ्याने टाच चोळली, वेळ लावून. मी पहिल्या रांगेत होते. पाणी राखाडी झालं. मग त्यांनी गुडघ्यावर टॉवेल पसरला, पट्टीचा पाय त्यावर घेतला आणि तो न भिजवता नुसता दोन्ही हातांत धरला. थोडा जास्त वेळ. पप्पांनी पंख्यावरची नजर काढली आणि डोळे मिटले. शेजारी बसलेल्या साळवे काकांनी आपले पावडर लावलेले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

बाहेर पडताना काका पप्पांना म्हणाले, "आधी सांगायचं ना रे. मीपण नसते घासले."

"तुझी पावडर वाया गेली असती," पप्पा म्हणाले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले.

हाडापर्यंत गेलेलं नव्हतं. बोट राहिलं. जखम भरायला मात्र फार वेळ लागला, आणि तेवढ्यात मी जर्मनीला परत आले. मागे महिला मंडळाच्या बायका हेंद्रेपाड्याला यायला लागल्या. कुणी पप्पांना पट्टी बदलायला नेत होतं, कुणी मम्मीच्या ओट्यापाशी उभं राहून चपात्या लाटत होतं. मम्मी फोनवर कुरकुरायची, "साळवे मावशी जाड लाटतात." पण लाटू देत होती. समोरच्या तोरणवाल्या काकूही एकदा रिक्षा घेऊन आल्या म्हणे. आमच्या दारावर मीठ मागायला कुणी येत नव्हतं, कारण आम्हीही कधी मागायला गेलो नव्हतो.

पप्पांच्या त्या वाक्याचा मला राग नाही. त्यात प्रेम होतं. पण आता मी ते पुढे नेणार नाही. दुसऱ्यासाठी वाकणं आम्हाला सोपं जातं. लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यात शाबासकीही मिळते. अवघड आहे ते आपला न घासलेला पाय दुसऱ्याच्या हातात देणं. ते मी रोज थोडं थोडं करणार आहे, परक्या भाषेत, टोकाच्या खुर्चीवर न बसता. जे बाहेर पडलात त्यांना एवढंच सांगेन, घरी फोन केलात की "सगळं ठीक" म्हणून फोन ठेवू नका. आणि जे मागे राहिलात, तुम्हीसुद्धा म्हणू नका.

मंडळीतल्या कुणी अजूनही विचारलं, घराची आठवण येते का, तर मला कुठलं घर आठवावं ते पटकन कळत नाही. बुवापाड्याच्या खोल्यांत दुसरे लोक राहतात. हेंद्रेपाड्याचा फ्लॅट मला पाहुण्यासारखा ओळखतो. पण संध्याकाळी माझी पाळी संपली की मी बसस्टॉपच्या बाकावर बसते आणि व्हिडिओ कॉल लावते. मम्मी मोबाइल धरते. "जरा खाली," "अगं उजेडात," "बोटांच्या मध्ये दाखवा," असं आमचं चालतं. ज्या माणसाने कधी कुणाकडे तळपाय केला नाही, तो खाटेवर मागे रेलून पाय वर धरतो आणि ओरडतो, "बघ गं बाई, बघ नीट!" मग सगळा पडदा पप्पांच्या तळव्याने भरून जातो, भेगांसकट, त्या जुन्या काळ्या रेषांसकट. बाकावर शेजारी बसलेली जर्मन माणसं चोरून बघतात. बघू देत. मी घरी पोचलेली असते.